गहाळ होण्याचे कारण

माझ्या बायकोचं पदवीचं प्रमाणपत्र मी एकेचाळीस वर्षांपूर्वी बसमध्ये विसरलो आणि घरी येऊन तिला सांगितलं, की कॉलेजच्या ऑफिसने ते दिलंच नाही. एवढीच गोष्ट आहे. पुढे जे घडलं, म्हणजे पोलीस, समुद्र, ओव्हरसियरसाहेबांचा रक्तदाब, ते सगळं या एका वाक्यातून निघालं.

विसरलो कसा तेही सांगतो, नाहीतर लोक मला निष्काळजी समजतील. लग्नाला चार महिने झाले होते. तिची आई आजारी होती, म्हणून तिने अधिकारपत्र लिहून दिलं आणि दोघांची प्रमाणपत्रं आणायला मी एकटा गेलो. आम्ही एकाच वर्गात होतो. तिला पहिला वर्ग, मी नुसता पास. माझं प्रमाणपत्र मी चार घड्या घालून शर्टाच्या खिशात कोंबलं. तिचं चुरगळू नये म्हणून पुठ्ठ्याची नळी विकत घेतली, त्यात ते गुंडाळून घातलं, दोन्ही टोकांना दोरा बांधला आणि बसमध्ये वरच्या फळीवर, कोणाची ट्रंक त्यावर पडणार नाही अशा कोपऱ्यात ठेवलं. चार घड्यांचं घरी आलं. नळी बसबरोबर पुढे गेली. मी काळजी घेतली नसती, तर ते आज घरात असतं.

दार उघडल्या उघडल्या तिने विचारलं, "मिळाली?"

"माझं मिळालं," मी म्हणालो. "तुझं म्हणे ज्याचं त्याने स्वतः येऊन न्यायला पाहिजे."

खरं सांगता आलं असतं. पण नवीन लग्न होतं, आणि पहिल्या वर्गाचं हरवून पासाचं घेऊन येणाऱ्या नवऱ्याकडे ती कशी बघेल याचा मला अंदाज नव्हता. ती म्हणाली, "बरं. मग दोघं मिळून जाऊ कधीतरी, निवांत."

तो निवांतपणा मी एकेचाळीस वर्षं टाळला. कधी रजा नाही, कधी मुलीची परीक्षा, कधी मुख्य पाइपवरचा वॉल्व्ह फुटलेला. मी पाणीपुरवठ्यात होतो. त्या खात्यात वॉल्व्ह हवा तेव्हा फुटतो. तिचं काम अडलं नाही, शाळेच्या नोकरीला गुणपत्रिकेवर भागलं. पण वर्षातून एकदा तरी ती विचारायचीच, "माझं प्रमाणपत्र आणायला कधी जायचं?"

ती गेली त्याला अकरा महिने झाले. आता विचारणारं कोणी उरलं नाही. मला वाटलं होतं, निदान या एका बाबतीत तरी सुटल्यासारखं वाटेल. तसं झालं नाही. समोर बसून कोणी विचारलं की थाप सुचते. कोणीच विचारत नाही म्हटल्यावर मला काही सुचेना. शेवटी ठरवलं, की जायचं, रीतसर अर्ज करायचा, दुय्यम प्रत काढायची आणि चौकट करून बाहेरच्या खोलीत लावायची. तिला उशीर झाला तर झाला.

हे कोणाला सांगणार? मुलीला सांगितलं, "आमचं कॉलेजचं गाव आहे ना समुद्राकाठचं, तिथे चार दिवस जरा निवांत जाऊन येतो." पहिली थाप झाकायला दुसरी. पहिल्या थापेचा त्रास एकट्या मला झाला होता, दुसरीचा सगळ्या इमारतीला झाला.

मुलीने रात्रीत वेळापत्रक तयार केलं. छापील, दोन पानं. 'साडेसहा ते सव्वासात, किनाऱ्यावर संथ चालणे. सव्वासात ते साडेसात, काहीही न करणे.'

"पंधरा मिनिटांत काहीही न करणं उरकेल का?" मी विचारलं.

"बाबा, प्रयत्न तर करा. आणि रोज तीन फोटो पाठवायचे. त्यात समुद्र दिसला पाहिजे."

समोरच्या वहिनी म्हणाल्या, "जा भाऊजी, पण जपून. आमचे थोरले दीर असेच निवांत राहायला गेले होते. तिसऱ्या दिवशी परत आले आणि महिनाभर कोणाशी बोलले नाहीत." नक्की काय जपायचं ते त्यांनी सांगितलं नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीने बाहेरगावी जाणाऱ्यांच्या वहीत माझं नाव लिहिलं आणि 'कारण' या रकान्यापुढे माझ्याकडे न बघता 'मनःस्थिती' असं लिहून टाकलं.

हेही चाललं असतं. पण आमच्या वरच्या मजल्यावर ओव्हरसियरसाहेब राहतात. रस्ते खात्यातून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली, तरी खडी आणि डांबर यांवर त्यांची नजर अजून आहे. त्यांनी कुठल्यातरी पुरवणीत वाचलं होतं, की बायको गेलेल्या माणसाला पहिलं वर्ष एकटं सोडू नये.

"तुमचे अकरा महिने झाले," ते बोटांवर मोजत म्हणाले. "म्हणजे एकच महिना राहिला. एवढा मी काढून देतो."

"अहो, पण तुमच्या घरी विचारा तरी."

ते वर जाऊन विचारून आले. परवानगी इतक्या लवकर मिळाली होती, की त्यांचा चेहरा उतरला होता.

बसच्या सात तासांत त्यांनी मला रस्त्याचे सगळे थर समजावले. जावयांनी समुद्र दिसणारी खोली ठरवून ठेवली होती. समुद्र दिसत होता, पण न्हाणीघरातून, आणि बादली उपडी घालून तिच्यावर उभं राहिलं तर. ओव्हरसियरसाहेब भांडायला खाली गेले. मॅनेजर म्हणाला, "दिसणारी लिहिलंय साहेब. कुठून ते कुठे लिहिलंय?" नियमात बसणारं उत्तर आलं की ओव्हरसियरसाहेब गप्प होतात. सरकारी नोकरीची सवय.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आम्ही किनाऱ्यावर संथ चाललो. सव्वासात वाजता त्यांनी घड्याळ बघितलं. "बसा. आता काही करायचं नाही."

आम्ही धक्क्याच्या कठड्यावर बसलो. समोर दोन होड्या, पलीकडे दीपगृह. चाळीस वर्षांत त्याला फक्त रंग नवा दिला होता. याच कठड्यावर बसून ती मला गणित समजावायची आणि मला समजल्यासारखं वाटायचं.

"काय विचार करताय?" ओव्हरसियरसाहेबांनी विचारलं.

"काही नाही."

"करूच नका. अजून नऊ मिनिटं आहेत."

त्यांना चुकवून ऑफिसला कसं जायचं हा प्रश्न होता. दहाच्या सुमाराला मी म्हणालो, "मी जरा केस कापून येतो."

त्यांनी माझ्या डोक्याकडे बराच वेळ पाहिलं. "कुठले?" त्यांनी विचारलं. पण दुःखी माणसाशी वाद घालू नये असंही त्या पुरवणीत असावं, कारण त्यांनी मला जाऊ दिलं.

कॉलेजची इमारत तीच होती. खिडक्यांचे गज खाऱ्या हवेने अर्धे झाले होते. ऑफिसमध्ये मात्र काउंटरला काच आली होती आणि काचेला एक गोल भोक होतं. ते बसलेल्या माणसाच्या मानाने उंच आणि उभ्या माणसाच्या मानाने खाली होतं. त्यामुळे खिडकी क्रमांक तीनसमोर जो येईल तो आपोआप वाकतो. मीही वाकलो. आत चष्मा लावलेल्या बाई होत्या, पंचेचाळिशीच्या. टेबलावर रबरी शिक्क्यांची रांग.

"दुय्यम प्रत हवी होती. पदवी प्रमाणपत्राची. बायकोच्या."

"अर्जदार स्वतः हव्यात, काका."

"ती येऊ शकत नाही."

"आजारी असतील तर डॉक्टरांचा दाखला जोडा."

"आजारी नाही. वारली."

बाईंनी चष्मा खाली केला. मला वाटलं आता त्या काहीतरी बोलतील. त्या म्हणाल्या, "मृत्यूचा दाखला आहे?"

होता. मी पिशवीतून तीन प्रती काढल्या. पेन्शनच्या कामात मी एक गोष्ट शिकलो आहे, की माणूस एकदाच जातो पण दाखला दर खिडकीला द्यावा लागतो.

"यावर सासरचं नाव आहे. आमच्याकडे माहेरचं असणार."

"बाई एकच आहे हो ती."

"ते तुम्हाला माहीत आहे, काका. कागदाला माहीत नाही."

मी लग्नाचा दाखला काढला. त्यांना थोडं आश्चर्य वाटलं आणि मला थोडा अभिमान. मग त्यांनी सांगितलं, की प्रमाणपत्र हरवल्याचा पोलिसांचा दाखला लागेल. तो मात्र माझ्याकडे नव्हता.

"कुठे हरवलं त्या हद्दीतला आणा."

"बसमध्ये हरवलं. बस चालू होती."

"बस निघाली कुठून?"

"इथूनच."

"मग इथली चौकी चालेल. आणि हा फॉर्म भरा. जुनी फाइल आम्ही कागद पूर्ण झाल्याशिवाय काढत नाही, तळघरात आहेत फायली."

फॉर्म एकच पान होता. सगळं भरून झालं आणि शेवटी रकाना आला, 'गहाळ होण्याचे कारण'. त्याला चार ओळी सोडल्या होत्या. मी लिहिलं, 'प्रवासात'. बाईंनी वाचलं आणि कागद परत भोकातून बाहेर दिला. "सविस्तर लिहायचंय."

"किती सविस्तर?"

"ओळी आहेत तेवढं."

मी पेन धरून उभा राहिलो. मागचा माणूस खोकला. मी म्हणालो, पोलिसांचा दाखला आणल्यावर लिहितो, आणि बाजूला झालो. चार ओळी जास्त होत्या असं नाही. त्या कधीच कोणाला सांगितल्या नव्हत्या एवढंच.

मुलीला फोटो पाठवायचे राहिले होते. व्हरांड्याच्या टोकाला गेलं की दोन इमारतींच्या मधून समुद्राची एक पट्टी दिसत होती. मी तिचा फोटो काढून पाठवला. लगेच उत्तर आलं, "छान. पण कडेला 'रांगेत उभे राहावे' असं का लिहिलंय?"

मी लिहिलं, "इथे किनाऱ्यावर फार शिस्त आहे."

तिसऱ्या दिवशी ओव्हरसियरसाहेब अंघोळीला गेल्याची संधी साधून मी निघालो. त्यांना काळजी वाटू नये म्हणून वेळापत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला चिठ्ठी लिहिली आणि उशीवर ठेवली. 'मी जातो. माझी वाट पाहू नका. खूप वर्षांचं ओझं आहे, ते आज एकदाचं उतरवतो. तुम्ही माझ्यासाठी पुष्कळ केलंत.' या चिठ्ठीत मला आजही काही चूक दिसत नाही. खरं तेवढंच लिहिलं होतं.

चौकीत जायच्या आधी झेरॉक्स काढायच्या होत्या. दुकानदार कागद अडकला म्हणून मशीन उघडून बसला होता. ते मशीन पुन्हा चालू होईपर्यंत तास गेला. त्या तासात काय काय झालं ते मला नंतर कळलं. ओव्हरसियरसाहेब अंघोळ करून बाहेर आले, चिठ्ठी वाचली, ओल्या अंगावर शर्ट चढवला आणि न्हाणीघरातल्या बादलीवर चढून समुद्र तपासला. मग किनाऱ्यावर धावत गेले. दोन कोळ्यांना माझं वर्णन सांगितलं. एक कोळी म्हणाला, तसा एक जण काल बसला होता पण त्याच्याबरोबर आणखी एक म्हातारा होता. मग त्यांनी माझ्या मुलीला फोन केला. तो त्यांनी करायला नको होता.

मी चौकीत शिरलो तेव्हा हवालदारांच्या टेबलासमोर एक माणूस माझ्याकडे पाठ करून बसला होता. शर्ट पाठीला चिकटलेला, पायांत न्हाणीघरातल्या स्लिपर. हवालदार लिहून घेत होते. मी रांगेत उभा राहिलो.

"उंची?"

"मध्यम. म्हणजे पूर्वी मध्यम होती."

"केस?"

"काल कापायला गेले होते."

"म्हणजे आहेत?"

"नाहीत."

हवालदारांनी मान वर केली, पुन्हा खाली घातली. "अंगावर काय आहे?"

"निळा शर्ट. कॉलर उसवलेली. त्यांच्या मिसेस गेल्यापासून उसवलेलीच आहे. मी रोज बघतो, पण बोलायचं कसं."

माझा हात कॉलरकडे गेला. खरंच उसवली होती.

"स्वभाव? म्हणजे असं काही करण्यासारखा?"

"गप्प. पण सरळ माणूस हो. मनात एक बाहेर एक असं नाही. खोटं तर आयुष्यात बोलला नसेल."

यापुढे ऐकत राहणं बरं नव्हतं. मी खाकरलो.

"थांबा जरा," हवालदार म्हणाले. "हरवलेल्याचं चाललंय."

"माझंही हरवल्याचंच आहे," मी म्हणालो.

ओव्हरसियरसाहेब वळले. आधी त्यांचा चेहरा पांढरा झाला, मग लाल झाला. उठून त्यांनी माझा दंड धरला आणि दाबून पाहिला, जसा ते रस्त्याचा नवा थर पायाने दाबून बघतात. मग खाली बसले आणि म्हणाले, "पाणी."

हवालदार नियमाने चालणारे होते. हरवल्याची तक्रार अर्धी लिहून झाली होती, त्यामुळे सापडल्याचंही लिहावं लागणार होतं, आणि सापडलेला माणूस तोच आहे याचा पुरावा हवा होता. मी ओळखपत्र दाखवलं. काल एका खिडकीत मी बायको गेल्याचं सिद्ध करत होतो, आज दुसऱ्या टेबलावर मी असल्याचं सिद्ध केलं. दोन्हीपैकी कशातच आनंद नव्हता. मुलीशी बोललो. ती आधी रडली, मग ओरडली, मग म्हणाली, "बाबा, तुम्ही कुठे गेला होतात?"

"झेरॉक्स काढायला."

"निवांत राहायला गेलेला माणूस झेरॉक्स काढतो?"

मी म्हणालो, संध्याकाळी सांगतो.

"आता तुमचं बोला," हवालदार म्हणाले. "काय हरवलं?"

ओव्हरसियरसाहेब शेजारीच बसून होते. त्यांना बाहेर जा म्हणण्याची माझी लायकी राहिली नव्हती.

"बायकोचं पदवीचं प्रमाणपत्र. बसमध्ये."

"केव्हा?"

"एकेचाळीस वर्षं झाली."

"एकेचाळीस वर्षं तक्रार का नाही केली?"

"बायकोला कळलं असतं."

"मग आता?"

"आता ती नाही."

हवालदारांनी पेन टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "आमच्याकडे एवढ्या मागची तारीख लिहायला रकाना नाही. पण मी समासात लिहितो." आणि बारीक अक्षरात त्यांनी ती खरंच समासात लिहिली.

चौकीतून बाहेर पडून आम्ही अर्धा रस्ता आलो. ओव्हरसियरसाहेबांनी वाटेतला एक मोठा खड्डासुद्धा तसाच सोडला. शेवटी ते थांबले.

"एकेचाळीस?"

"हो."

"माझं सगळ्यात जास्त म्हणजे नऊ वर्षं," ते म्हणाले.

"काय?"

"ते नाही सांगणार."

चौथ्या दिवशी ते माझ्याबरोबर ऑफिसात आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. आदल्या संध्याकाळी त्यांनी लॉजच्या मॅनेजरकडून सुई-दोरा आणून माझी कॉलर शिवून दिली होती. टाके डांबरी रस्त्याच्या ठिगळासारखे होते, पण घट्ट होते. खिडकीपाशी दोघांनी एकाच भोकातून वाकायचा प्रयत्न केला, तेव्हा बाईंनी आम्हाला आतच बोलावलं. सगळे कागद त्यांनी एकेक करून उलटून पाहिले.

"कारणाचा रकाना कोरा आहे."

"आधी फाइल काढा," मी म्हणालो. "तोवर लिहितो."

त्या तळघरात गेल्या. वीस मिनिटांनी आल्या तेव्हा हातात धुळीची फाइल होती. ती उघडून त्या वाचत होत्या आणि चालत होत्या. खुर्चीपाशी येऊनही बसल्या नाहीत. मग मला म्हणाल्या, "काका, तुम्ही बसा."

ऑफिसात आपल्याला बसायला सांगितलं की काम होणार नाही, हे मला नोकरीपासून माहीत आहे. मी बसलो.

"दुय्यम प्रत एकदाच देता येते," त्या म्हणाल्या. "ही दिलेली आहे. एकोणीस वर्षांपूर्वी. अर्जदार स्वतः येऊन घेऊन गेल्यात."

"कोण अर्जदार?"

त्यांनी फाइल माझ्याकडे फिरवली. तोच फॉर्म होता, जुना, पिवळा पडलेला. अक्षर तिचं. फळ्यावर लिहून लिहून गोल झालेलं, प्रत्येक ओळ सरळ. 'गहाळ होण्याचे कारण' या रकान्यात तिने चारही ओळी भरल्या होत्या आणि मजकूर पुरला नाही म्हणून खाली आणखी दोन आखल्या होत्या.

'मूळ प्रत माझ्या अधिकारपत्रावर पतीने ताब्यात घेतली, हे आपल्या नोंदवहीतील त्यांच्या सहीवरून आज समजले. घरी फक्त त्यांचीच प्रत पोहोचली. या विषयावर विचारले असता ते गेली बावीस वर्षे उठून नळ बघायला जातात. यावरून ती प्रवासात हरवली असावी असे वाटते. पती इतर सर्व बाबतींत भरवशाचे आहेत. त्यांना याबद्दल कृपया कळवू नये.'

मी ते दोनदा वाचलं. ओव्हरसियरसाहेब माझ्या खांद्यावरून वाचत होते. ते एकदम भिंतीकडे वळले आणि म्हणाले, "ओल आहे इथे."

एकोणीस वर्षांपूर्वी म्हणजे तिच्या वर्गातल्या मैत्रिणी इथे जमल्या होत्या तेव्हा. मला चल म्हणाली होती, मी अर्थातच गेलो नाही. दोन दिवस घरी अन्न गोड लागलं नव्हतं. ती परत आली आणि चप्पल काढता काढता म्हणाली, "ऑफिस बंद होतं हो. रविवार ना." त्या दिवशी मला इतकं बरं वाटलं, की मी तिला चहा करून दिला. तिने तो शांतपणे प्यायला होता. प्रमाणपत्र तेव्हा तिच्या बॅगेत असणार, माझ्यापासून दोन हातांवर.

आणि ती त्यानंतरही दर वर्षी विचारत राहिली. त्याच सुरात, भाजी निवडता निवडता. मी नवनवीन कारणं देत राहिलो. शेवटी शेवटी कारणं संपली तेव्हा मी सांगितलं, की कॉलेजच्या ऑफिसला आग लागल्याचं कोणीतरी म्हणत होतं. ती म्हणाली, "अरेरे. कोणी भाजलं तर नाही ना?" मी म्हणालो, नाही, रात्रीची वेळ होती. ती म्हणाली, "सुटले बिचारे." आणि तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, तिला वाईट वाटलं.

मला हसू आलं. अकरा महिन्यांत पहिल्यांदा आलं आणि ते नीट येईना, मध्येच दुसरंच काहीतरी व्हायला लागलं. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि मला थोडा वेळ मिळावा म्हणून शिक्क्यांची रांग सारखी करत बसल्या.

"याची नक्कल मिळेल का?" मी विचारलं.

"कशी देणार, काका? त्यांनी लिहिलंय, पतीला कळवू नये. मी तुम्हाला दाखवला हेच चुकलंय."

"आणि माझ्या अर्जाचं?"

"मागे घ्या. नामंजूर केला तर वर कळवावं लागतं. मागे घेतला तर कोणालाच काही कळवायला नको." त्यांनी मला कोरा कागद दिला. "एक ओळ लिहा, अर्ज मागे घेत आहे, खाली सही."

मी ती ओळ लिहिली. मग पेन थांबलं नाही. 'मूळ प्रत मी स्वतः बसमध्ये वरच्या फळीवर विसरलो. आठवलं तेव्हा बस समोरच वळत होती. मी तिच्या मागे धावलो नाही, लाज वाटली. घरी जाऊन खोटं सांगितलं आणि पुढे सांगत राहिलो. यात माझ्या पत्नीचा काही दोष नाही.' खाली सही केली, तारीख घातली.

बाईंनी वाचलं. "मागे घेण्याच्या अर्जाला कारण लागत नाही."

"लागत नसलं तरी असू द्या."

त्यांनी ओव्हरसियरसाहेबांकडे बघितलं. ते म्हणाले, "असू द्या हो. रेकॉर्ड पूर्ण असावं." मग बाईंनी माझ्या कागदावर शिक्का मारला, आवक क्रमांक घातला, डाव्या बाजूला दोन भोकं पाडली आणि तो तिच्या अर्जाच्या मागे त्याच दोरीत ओवला. गाठ मारली. फाइल बंद केली.

आम्ही बाहेर पायऱ्यांवर आलो. ओव्हरसियरसाहेब म्हणाले, "घरात कुठे ठेवलं असेल त्यांनी?"

"माहीत नाही," मी म्हणालो. तिचं कपाट मी अजून उघडलेलं नाही. मुलीने दोनदा विचारलं, आपण दोघं मिळून आवरू का, दोन्ही वेळा मी उठून नळ बघायला गेलो होतो. "कपाटात असेल. गेल्यावर उघडतो."

फोन वाजला. मुलगीच होती. आदल्या दिवसापासून ती तासातासाने करत होती.

"बाबा, कुठे आहात?"

"कॉलेजात. काल सांगायचं राहिलं, तुझ्या आईच्या प्रमाणपत्राचं एक काम होतं. म्हणून आलो होतो."

"मग? झालं का?"

"झालं."

"मिळालं तुम्हाला?"

"मला नाही. तिला मिळालंय."

मग ती अगदी हळू, लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाली, "बाबा, तुम्ही जेवलात का?"